घर दीडशे वर्षं उभं आहे, पण खालच्या जमिनीचं काय?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा आणि सून इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलला हॉस्पिटलमध्ये नोकरी करतात, बरीच वर्षं भाड्यानं राहून झालं, आता रेडरूथ गावाबाहेर एक जुनं दगडी घर त्यांना पसंत पडलंय. १८६० च्या सुमाराचं, खाणकामगारांच्या घरांच्या ओळीतलं, मागच्या बाजूला नंतर कधीतरी जोडलेलं काँक्रीट ब्लॉकचं स्वयंपाकघर. डिपॉझिटसाठी ताई आपल्या नावावरचा प्लॉट विकून आलेले पैसे देणार आहेत. पण सर्व्हे झाला आणि रिपोर्टमध्ये आलं की मागच्या भिंतीला तडा आहे, काँक्रीटची मंडिक टेस्ट (खाणीच्या चुऱ्यामुळे ते आतून खराब होतंय का याची तपासणी) करून घ्या, खाणींचा सर्च (खाली जुनी खाण आहे का याचा जुन्या नोंदींतून शोध) करून घ्या. सर्च केला तर बागेच्या टोकाजवळ जुन्या खाणीचा एक शाफ्ट, म्हणजे खाली उतरणारी उभी विहीर, दाखवला. मुलगा म्हणतो बँकेचं व्हॅल्युएशन पास झालंय, आई तू काळजी करू नकोस. यजमान म्हणतात आपला वाडा शंभर वर्षं उभा आहे, ते घर दीडशे वर्षं उभं आहे, दगडाला काय होणार, हे सर्व्हेवाले घाबरवून पैसे काढतात. ताईंना रात्री झोप लागत नाही, डोळ्यासमोर घर जमिनीत जाताना दिसतं. त्या विचारतात, पैसे देत नाही असं सांगून हे घर थांबवू का? मुलगा म्हणतो घरमालकाला शब्द दिलाय, आता मागे फिरता येत नाही.

ताई,

तुमची भीती खोटी नाही हे आधी सांगते, कारण घरात तुम्हाला कुणीच तसं म्हटलेलं दिसत नाही. ज्या आईनं स्वतःची जमीन विकून पैसे उभे केलेत तिला त्या पैशाखाली काय आहे हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. पण पत्र वाचताना एक गोष्ट जाणवली. तुमच्या घरात तिघंही जण रिपोर्ट नीट न वाचताच निकाल देऊन बसलेत, यजमान म्हणतात काही होणार नाही, मुलगा म्हणतो बँकेनं पाहिलंय, आणि तुम्ही म्हणता घर खाली जाणार. रिपोर्ट मात्र यातलं काहीच म्हणत नाही. तो म्हणतोय की मला इथपर्यंत दिसलं, पुढचं दिसलं नाही, ते तपासा. म्हणून घर थांबवायचं की घ्यायचं हा प्रश्न आज थोडा बाजूला ठेवू या.

यजमानांच्या म्हणण्यापासून सुरू करते कारण ते ऐकायला सगळ्यात पटतं. आपल्या ग्वाल्हेरला जुनी दगडी मकानं आहेत, पटियांची छतं आहेत, पिढ्या गेल्या तरी उभी आहेत हे खरंच आहे. पण लष्करातल्या तुमच्या वाड्याखाली कुणी बोगदे खणलेले नाहीत. रेडरूथ आणि शेजारचं कॅम्बोर्न म्हणजे कॉर्नवॉलच्या तांब्या-कथिलाच्या खाणींचा गाभा, तिथली डोलकोथ खाण सुमारे हजार मीटर खोल गेली होती, साउथ क्रॉफ्टी तर १९९८ पर्यंत चालू होती. तो सगळा परिसर २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला. आता गंमत अशी की घराला त्या हजार मीटर खोल बोगद्यांची फारशी भीती नसते, खरी काळजी असते ती वरवरच्या खोदकामाची. तिथलं कथिल आणि तांबं कोळशासारखं आडव्या थरात पसरलेलं नसतं, खडकात जवळजवळ उभी शीर असते आणि माणसं त्या शिरेच्या मागे मागे वरपासून खाली खणत गेली. त्यामुळे धोका पट्ट्यापट्ट्यानं असतो, शिरेच्या रेषेवर, एका घराखाली पोकळी निघते आणि चार घरं सोडून काहीच नसतं. म्हणून 'खाणींचा भाग आहे' एवढ्यावरून घर नाकारणंही बरोबर नाही, तिथे पिढ्यानपिढ्या लोक सुखानं राहताहेत, आणि 'शेजारच्यांना तर काही झालं नाही' एवढ्यावरून घर घेणंही बरोबर नाही.

दुसरं म्हणजे घर किती वर्षं उभं आहे यावरून जमिनीबद्दल काही कळत नाही, उलट काही बाबतीत काळ घराच्या विरुद्ध जातो. खाण बंद झाली की शाफ्टचं तोंड पुष्कळदा लाकडाच्या तुळया टाकून, वर खाणीचाच राडारोडा आणि माती पसरून बुजवून टाकायचे. वर गवत उगवलं, नंतर बाग झाली, कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. ते लाकूड शंभर-सव्वाशे वर्षांत कुजतं, एखाद्या जोरदार पावसाळी हिवाळ्यात वरची माती भिजून जड होते आणि खड्डा पडतो. म्हणजे दीडशे वर्षं काही झालं नाही हा वरच्या भिंतींचा पुरावा झाला, त्या लाकडाचा नाही. हे यजमानांना असंच सांगा, भांडण म्हणून नको, ते दगडाबद्दल बोलताहेत आणि रिपोर्ट जमिनीबद्दल बोलतोय एवढंच.

आणि तो शाफ्ट नकाशावर दाखवलाय तिथेच असेल असंही धरू नका. बंद खाणींचे नकाशे सरकारकडे जमा करायची सक्ती तिथे १८७२ च्या कायद्यानं आली, त्याआधी बंद पडलेल्या कित्येक खाणींचा कागदच नाही आणि त्या भागात तर शेकडो वर्षं खोदकाम चाललेलं. सर्च करणाऱ्या स्थानिक कंपन्या जुने खाण-नकाशे, गावाचे जुने जमीन-नकाशे, शिरांची दिशा असं सगळं एकावर एक ठेवून अंदाज देतात, त्यात काही मीटर इकडेतिकडे होऊ शकतं. बागेचं टोक घरापासून किती लांब आहे ते तुम्ही लिहिलं नाही, पण सगळ्यात आधी विचारायचं ते हेच, की कंपनी स्वतःच्या अंदाजात किती मीटरची चूक धरते आणि ती धरली तर घर त्या वर्तुळात येतं का. मुलगा तिथेच राहतो तर त्याला आणखी एक काम सांगा, रेडरूथमध्येच क्रेसेन कर्नो नावाचं अभिलेखागार आहे, २०१९ साली जुन्या ब्रूअरीच्या जागेत सुरू झालं, खाणींचे जुने कागद तिथे सांभाळलेत आणि कुणालाही जाऊन पाहता येतात. त्यानं सर्चची जागा भरून निघणार नाही, पण आपल्या घराच्या गल्लीतला जुना नकाशा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस इंजिनिअरला बरोबर प्रश्न विचारतो.

आता बँकेचं. मुलाला वाटतं व्हॅल्युएशन पास म्हणजे घर पास, आणि असं वाटणारा तो एकटा नाही, आपल्याकडेही लोन मंजूर झालं की लोक पेढे वाटतात. बँकेचा माणूस बँकेसाठी बघतो, उद्या हप्ते थकले तर घर विकून आपले पैसे निघतील का एवढंच. कधीकधी तर तो घरात पाऊलही टाकत नाही. घर राहायला कसं आहे, दुरुस्तीला किती लागेल, हे त्याचं कामच नाही. त्यासाठी खरेदीदार स्वतःच्या पैशानं सर्व्हे करतो, आणि त्या सर्व्हेतही पायऱ्या आहेत. सर्व्हेयरांची तिथली संस्था आरआयसीएस, तिच्या पद्धतीत लेव्हल एक, दोन आणि तीन असे सर्व्हे असतात. तुमच्या पत्रावरून तुमच्या मुलानं लेव्हल दोन केलेला दिसतो. तो साध्या, नेहमीच्या बांधणीच्या, बऱ्या स्थितीतल्या घरांसाठी ठीक. दीडशे वर्षांचं, ग्रॅनाइटच्या भिंतींचं, मागे वेगळ्या काळात वेगळ्या मालानं वाढवलेलं घर असेल तर लेव्हल तीनच करायला हवा, थोडे जास्त पैसे लागतात, साधारण काही शे ते हजार-दीड हजार पौंड, पण घराच्या किमतीपुढे ते काहीच नाही. आणि कुठल्याही लेव्हलचा सर्व्हेयर फरशी उखडत नाही, जमीन खणत नाही, भिंतीला भोक पाडत नाही, त्यामुळे 'पुढील तपासणी करावी' हे वाक्य रिपोर्टमध्ये आलं की ते त्याच्या मर्यादेतलं प्रामाणिक वाक्य आहे, पैसे काढायची युक्ती नाही. माझा एक आग्रह आहे, रिपोर्ट हातात आल्यावर मुलानं सर्व्हेयरला फोन करावा. कागदावर तो प्रत्येक शब्द जपून लिहितो, फोनवर विचारलं की तुमच्या दृष्टीनं यातल्या कुठल्या दोन गोष्टी खऱ्या काळजीच्या आहेत, तर बहुतेक वेळा सरळ उत्तर मिळतं.

मंडिक टेस्टबद्दल तुम्ही विचारलंय हे काय नवीन. तो प्रकार कॉर्नवॉल आणि शेजारच्या डेव्हनचाच आहे. १९०० पासून १९५० च्या दशकापर्यंत तिथे काँक्रीटचे ब्लॉक बनवताना खाणीतून निघालेला फुकटचा दगड-चुरा सर्रास वापरला. त्या चुऱ्यात पायराइटसारखी गंधकाची खनिजं असतात, ओलावा आणि हवा लागली की त्यातून आम्ल तयार होतं, ते सिमेंटला खातं, ब्लॉक आतून फुगतो आणि भुसभुशीत होत जातो, आणि बाहेरून प्लास्टर छान असेल तर वर्षानुवर्षं कळतही नाही. घराचा मूळ ग्रॅनाइटचा भाग यात येत नाही. पण मागचं स्वयंपाकघर ब्लॉकचं आहे, ते कधीच्या काळचं हे कळलं पाहिजे. टेस्ट म्हणजे भिंतींमधून ड्रिलनं नळीसारखे छोटे नमुने काढतात, लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दगड तपासतात आणि वर्ग देतात. ए वर्ग मिळाला तर त्या काँक्रीटवर सहसा कर्ज मिळतं, बी किंवा सी आला तर बहुतेक बँका हात आखडतात. म्हणजे उद्या मुलाला घर विकायचं झालं तर रोकड देणारं गिऱ्हाईक शोधावं लागेल, किंमत पडेल. पण फक्त स्वयंपाकघरच खराब निघालं तर तेवढा भाग पाडून नवा बांधता येतो, आणि तो खर्च घराच्या किमतीतून कापून मागता येतो. आधी घरमालकाकडे जुना मंडिक रिपोर्ट आहे का विचारा, त्या भागात पुष्कळांकडे असतो, मग तो रिपोर्ट मुलाच्या बँकेला चालेल का ते बँकेलाच विचारा.

आणि तडा. ताई, तडा बघितला की तुमच्या मनानं तो थेट खाणीला जोडला. तो खाणीचा असेलच असं नाही. जुन्या घराचा पाया वेगळा, नंतरच्या स्वयंपाकघराचा वेगळा, दोन्ही आपापल्या गतीनं बसतात आणि सांध्यावर चीर पडते, हे अगदी नेहमीचं. मोरीची पाइप फुटून खालची माती वाहून जात असेल तरी पडते. मंडिकचे ब्लॉक फुगले तरी पडते. आणि हो, खाली जमीन हलत असेल तरीही पडते. चारही कारणांचा इलाज वेगळा, खर्च वेगळा, भीतीही वेगळी. हे ओळखणं सर्व्हेयरचं नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम, आणि तोही असा हवा ज्यानं त्या खाणपट्ट्यात कामं केलेली आहेत. त्याला खाणीचा सर्च आणि सर्व्हे दोन्ही एकत्र द्या. नाहीतर होतं काय, एकजण भिंत बघतो, दुसरा नकाशा बघतो, आणि दोन्ही जोडून कुणीच बघत नाही.

शाफ्ट घराच्या जवळ निघाला तर पुढची पायरी म्हणजे जागेवर ड्रिलिंग करून खाली पोकळी आहे का ते बघणं. जमीन अजून घरमालकाची असल्यामुळे त्याची परवानगी लागते, खर्च कोण करणार हे ठरवावं लागतं, आणि इथेच मालकाचा हेतूही कळतो, तो हो म्हणतो की टाळतो. पोकळी सापडली तर काँक्रीटचं झाकण किंवा बूच घालून ती बंद करतात. माझं स्पष्ट मत सांगते, ज्या घराजवळ शाफ्ट आहे, तो शोधलाय, इंजिनिअरच्या देखरेखीखाली बंद केलाय आणि त्याचे कागद आहेत, ते घर मला 'नकाशात काही दिसत नाही' एवढ्याच भरवशावर विकल्या जाणाऱ्या घरापेक्षा बरं वाटतं.

कोळशाच्या खाणीमुळे जमीन खचली तर इंग्लंडमध्ये १९९१ च्या कायद्यानं भरपाईची सोय आहे. कथिल-तांब्याच्या खाणींना तो कायदा लागू नाही. खाण खणणारी कंपनी केव्हाच संपलेली, दावा कुणावर करणार? म्हणून घराचा विमा देणाऱ्या कंपनीला सर्चचा रिपोर्ट दाखवून विचारायचं की जुन्या धातूच्या खाणीमुळे जमीन खचली तर तुम्ही पैसे देणार का, आणि उत्तर लेखी घ्यायचं. फोनवरचं 'हो हो, कव्हर आहे' धरायचं नाही.

दोन छोट्या गोष्टी आणखी, त्या भागात घर घेणाऱ्या प्रत्येकासाठी. ग्रॅनाइटमुळे तिथे रेडॉन वायू जमिनीतून घरात येतो, दिसत नाही, वास नाही, वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. छोटी डबी घरात तीन महिने ठेवून मोजतात, दर घनमीटरला २०० बेकरेलच्या (किरणोत्सार मोजायचं एकक) वर निघाला तर उपाय करायचा, बहुधा फरशीखाली खड्डा करून पंख्यानं हवा बाहेर काढतात. खरेदीआधी तीन महिने कुठे मिळणार, म्हणून किमतीतली थोडी रक्कम निकाल येईपर्यंत वकिलाकडे अडकवून ठेवायची पद्धत आहे, मुलाच्या सॉलिसिटरला त्याबद्दल विचारा. दुसरं, तुम्ही लिहिलंय की तिथे गेल्यावर मागच्या बागेत मेथी-कोथिंबीर लावीन. जरूर लावा, पण त्या मातीची आर्सेनिकसाठी तपासणी झाल्याशिवाय नको. त्या खाणींमधून आर्सेनिकही भरपूर निघायचं आणि जुन्या खाणींच्या राड्यात ते अजून आहे. तोवर उंच वाफे करून बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीत लावा.

आता शब्दाचं. मला वाटतं तुमच्या घरातली खरी गाठ इथे आहे. आपल्याकडे बयाना दिला, जीभ दिली, की माणूस बांधला जातो, आणि तुमच्या मुलानं ते संस्कार तिकडेही जपलेत याचं मला कौतुकच आहे. पण इंग्लंडमध्ये ऑफर मान्य झाली तरी ती 'करार होईपर्यंत बंधन नाही' याच अटीवर असते. सॉलिसिटरमार्फत दोन्ही बाजूंचे करार अदलाबदल होतात त्या दिवशी, साधारण दहा टक्के डिपॉझिट भरून, खरेदीदार बांधला जातो, त्याआधी नाही, आणि मालकही नाही, त्याला उद्या जास्त देणारा भेटला तर तोही सोडून जाऊ शकतो. ऑफर आणि अदलाबदल यांच्यामधला काळ ठेवलाय तोच मुळी तपासण्यांसाठी. तिथला कायदा मोठ्या प्रमाणात खरेदीदारानं स्वतः बघून घ्यावं असाच आहे, घरात काय दोष आहेत ते सगळे मालक स्वतःहून सांगेल ही अपेक्षा नाही. तेव्हा तपासणीत काही निघालं म्हणून किंमत कमी मागणं किंवा मागे येणं यात शब्द मोडला असं तिकडचा घरमालकही मानत नाही. सर्व्हे-टेस्टचे पैसे जातील, बस. हे मुलाला यजमानांनी सांगितलं तर जास्त पोचेल असं मला वाटतं, कारण शब्दाची काळजी त्यानं वडिलांकडूनच घेतलेली असणार.

मग पैसे अडवायचे का? मी म्हणेन, अडवू नका, पण आज पाठवूही नका. पालकांनी डिपॉझिटला पैसे दिले तर बँक तुमच्याकडून लिहून घेते की ही भेट आहे, कर्ज नाही आणि घरात आमचा हिस्सा नाही, शिवाय पैसा कुठून आला म्हणून प्लॉटच्या रजिस्ट्रीचे आणि बँकेचे कागदही मागतात. म्हणजे एकदा सही केली की त्या घरात तुमचं बोलणं फक्त आई म्हणून उरतं. ज्या अटी वाटतात त्या सहीच्या आधी, प्रेमानं आणि उघडपणे सांगा. 'हे घर घेतलंस तर पैसे नाही' असं म्हणालात तर तो पुढच्या वेळी तुम्हाला रिपोर्ट दाखवणारच नाही, आणि आत्ताही तुम्हाला सुनेकडून कळलं असं तुम्हीच लिहिलंय. त्याऐवजी म्हणा की त्याच पैशातून आधी लेव्हल तीनचा सर्व्हे, मंडिक टेस्ट आणि इंजिनिअर मी देते, उरलेलं त्यानंतर. तपासणीसाठी पैसे देणारी आई घराच्या आड येणारी वाटत नाही. सुनेलाही या बोलण्यात घ्या, तिनं सांगितलं म्हणजे तिच्याही मनात काहीतरी आहे.

इथे जवळपास घर घेणाऱ्या वाचकांनाही यातलं बरंच लागू आहे. ग्वाल्हेरच्या आसपास दगडाच्या खदानी आहेत, छिंदवाड्याकडे परासियाला कोळशाच्या जुन्या खाणी आहेत. आपण रजिस्ट्री बघतो, नामांतरण बघतो, डायव्हर्शन (शेतजमिनीचा वापर घरासाठी बदलणं) झालंय का बघतो, वास्तू बघतो, पण प्लॉटखाली भरलेली खदान आहे का हे फार थोडे विचारतात. मलबा टाकून सपाट केलेल्या भरावावर घर बांधलं तर ते एका बाजूला जास्त बसतं, दारं-खिडक्या अडकायला लागतात, कोपऱ्यातून तिरप्या चिरा जातात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा इथे आधी काय होतं, गूगल अर्थवर जुन्या वर्षांची छायाचित्रं मागे नेऊन बघा, जुन्या खसऱ्यात जमिनीची नोंद कशी आहे ते बघा, आणि बांधायच्या आधी मातीची तपासणी करून घ्या. तयार मकान असेल तर बिल्डरचा नको, स्वतःच्या ओळखीतला सिव्हिल इंजिनिअर न्या आणि त्याला पैसे स्वतः द्या.

ताई, या रविवारी व्हिडिओ कॉलवर मुलाला म्हणा रिपोर्ट स्क्रीनवर लाव, आपण चौघं मिळून वाचू. न कळलेला प्रत्येक शब्द थांबून विचारा, लाजू नका, यजमानांनाही शेजारी बसवा. आणि सगळ्यात आधी एक तारीख विचारा, करारांची अदलाबदल केव्हा ठरलीय. ती इंजिनिअरचा रिपोर्ट यायच्या आधीची असेल तर मुलाला सांगा की सॉलिसिटरला सोमवारी सकाळीच ईमेल करून ती पुढे ढकलायला लावायची.